छाटीचा हिशेब

२०२०च्या टाळेबंदीत ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द घरोघरी पोचला. नगरच्या आमच्या पद्मशाली वस्तीत ते काम पिढ्यांपासून चालू आहे. तेलंगणातून विणकर म्हणून आलेली ही माणसं. हातमाग थंडावले तशा बायका विडीकडे वळल्या. नगरात आणि संगमनेरला हजारो जणींनी घरी विड्या वळून संसार चालवले.

माझी अम्मा त्यांतलीच. तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची. धुणं-स्वयंपाक उरकला की पानं कात्रीने मापात कापायची आणि सूप मांडीवर. चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, तोंड मुडपणं. मध्येच आजीचं औषध, नळाचं पाणी, शाळेतून आलेलो आम्ही. मजुरी हजार विड्यांवर, तासांवर नाही. त्यामुळे दिवसा घरात गेलेला वेळ ती रात्री जागून भरून काढायची. पाठ धरायची, तंबाखूची धूळ अंथरुणापर्यंत यायची, आणि आम्हा बहिणींचा अभ्यास दोरा बांधता बांधता व्हायचा.

घर सांभाळून चार पैसे मिळतात, बाईची सोय होते, असं लोक म्हणतात. मला हे पटत नाही. जागा तिची, दिवा तिचा, लेकरांचे हातही तिचेच. सोय मालकाची होते.

घरी वळणारी बाई कामगार आहे का, हा वाद मोठा होता. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरच्या कामगारालाही कामगार मानलं. १९७७मध्ये भविष्यनिर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला, तरी घरी वळणाऱ्या बायका आमच्या नोकर नाहीत असं मालक म्हणत राहिले. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावला. बायका आणून देतात त्या विड्यांतून मालक छाट काढतो, म्हणजे नापसंत विड्या बाजूला टाकतो. हा नाकारण्याचा अधिकार हीच मालकाची देखरेख, म्हणून त्या कामगार आणि निधीच्या हकदार. ज्या छाटीने अम्माची मजुरी कापली जायची, तिनेच तिचा हक्क सिद्ध केला!

मी त्याच घरात लॅपटॉपवर काम करते. पगार नियमित येतो, पण कामाची वेळ संपतच नाही; मुलाला भरवताना फोन वाजतो. अम्माला निदान विड्या घेऊन कारखान्यावर जावं लागायचं. रांगेत बायका बोलायच्या, कोणाची किती छाट निघाली ते कळायचं, युनियनचं बोलणं कानावर पडायचं. घराबाहेरची ती रांग मला नाही, आणि घर-कामाचा समतोल बिघडतो तो तिथे. वेळापत्रक कितीही नीट आखलं, तरी ते पाळण्याचं ओझं एकटीवरच राहतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६मध्ये घरून काम करणाऱ्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. इतर पगारी कामगारांसारखी वागणूक, बाळंतपणाचं संरक्षण आणि संघटनेचा हक्क त्यात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आमच्या गल्लीतल्या घरून काम करणाऱ्या आम्ही काही जणी आता एकत्र बसून आपापले तास वहीत लिहितो. रात्रीचे तास पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आले, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची वाटणी घरात त्या वहीवरूनच ठरली.