‘वेळ आली होती’ म्हणण्यापूर्वी
(एस. वाय. बी. ए.)

मोटार अपघातात कुणी दगावले, की सांत्वनाला जमलेली मंडळी हमखास म्हणतात, “त्याची वेळच आली होती.” या वाक्याने घरच्यांना धीर येतो, हे खरे. पण त्याच वाक्याने चौकशीही संपते. वेळ आली होती म्हटल्यावर गाडीचा वेग किती होता, चालक किती तास जागा होता, हे कोण विचारणार? माझे वडील बावीस वर्षे भाड्याची मोटार चालवीत आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फीही त्याच गाडीच्या भाड्यातून आलेली. म्हणून हा विषय मी थोडा वाचून आणि बराचसा जेवताना वडिलांकडून ऐकून शिकलो आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला एकोणीस. यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण नोंदलेले आहे.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला १४ मीटर धावते, तर १०० च्या वेगाची २८ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होते. त्यामुळे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ५० च्या वेगाची गाडी २८ मीटरांच्या आसपास थांबत असेल, तर १०० च्या गाडीला ८० मीटरांहून अधिक जागा लागते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिकट थर होतो, तेव्हा हा हिशेबही अपुरा पडतो.

घाटात दुसरेच संकट असते. डिझेल वाचावे म्हणून काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. आपण त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतो, पण दोष ब्रेकचा नसतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. टायरचेही तसेच. हवा कमी असलेला टायर धावताना अधिक दबतो, तापतो, आणि उन्हाळ्यात लांबच्या सिमेंट रस्त्यावर फुटतो. हवा तपासायला पाच मिनिटे लागतात.

आमच्या ऊसपट्ट्यात हंगाम सुरू झाला, की रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मागे दिवा नाही, रेडियम नाही. समोरून येणारा अप्पर मारतो, डोळे दिपतात, आणि पुढची ट्रॉली दिसते ती अगदी नाकासमोर आल्यावर! मद्य आणि मोबाईल यांबद्दल सर्वांनाच ठाऊक आहे. एवढेच सांगतो, की साठच्या वेगात दोन सेकंद मोबाईलकडे पाहणे म्हणजे ३३ मीटर डोळे मिटून जाणे.

परंतु ज्या कारणाविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे, ते म्हणजे झोप. दारू तपासायला यंत्र आहे, वेग मोजायला कॅमेरा आहे. झोप मोजणारे तसे साधन नाक्यावरच्या पोलिसाच्या हाती नाही. म्हणून कित्येक डुलक्या नोंदवहीत ‘अतिवेग’ किंवा ‘ताबा सुटला’ या नावाने जात असाव्यात, असे मला वाटते. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली, तर मोटार ६६ मीटर चालकाविना धावते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारच्या जेवणानंतर शरीरच झोप मागते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तर डोळे उघडे असूनही लक्ष पेंगते. चहा आणि तंबाखू झोप पुढे ढकलतात, भागवत नाहीत.

मग चालक झोपत का नाही? कारण झोपेचे पैसे मिळत नाहीत. लग्नसराईत वडील रात्रीची वरात पोहोचवून येतात, तोच सकाळचे देवदर्शनाचे भाडे दारात उभे असते. एकदा वडिलांनी “दोन तास पडतो, मग निघू,” असे सांगितले. पार्टीने मालकाकडे तक्रार केली, आणि पुढचे पंधरा दिवस भाडी दुसऱ्याला गेली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाचे आठ तास ठरवले होते, पण मुळात तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यांपुरता होता. एक-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा चालक त्याच्या बाहेरच राहिले. मागे बसलेले मात्र म्हणतात, “मामा, जरा दाबा की, मुहूर्त गाठायचाय!”

मागच्या सीटचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे. २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे मोटारींत मरण पावली. त्यांत ८,३३१ प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी थांबते, पण पट्टा नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाते.

मित्रांनो, आपण सहलीला जातो तेव्हा खर्च, जेवण, मुक्काम सारे कागदावर मांडतो. त्याच कागदावर चालकाच्या झोपेचे तासही लिहावेत, एवढी माझी विनंती आहे. रात्रीचा प्रवास टाळावा, आणि रस्त्यात कुणी जखमी दिसल्यास १०८ ला फोन करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही.

घाटात पाटी असते, ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. पण तो ब्रेक लागायला मन जागे हवे, आणि चालकाचे मन जागे राहणे मागे बसलेल्यांच्याही हाती आहे.