बाटलीचे रकाने वेगळे, पेशींचे वेगळे

प्रयोगशाळेतल्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, संख्या, जागा, पुरवठादार असे रकाने बहुधा आयते मिळतात. हातमोज्यांच्या खोक्यांना तेवढे पुरतात. रसायनांना अजिबात पुरत नाहीत.

डायएथिल ईथरचंच बघा. हवा आणि उजेड लागला की त्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतं आणि ते स्फोटक असतं. त्यामुळे बाटली कधी उघडली आणि पेरॉक्साइडची चाचणी शेवटची कधी झाली, या दोन तारखांचे रकाने हवेतच. शिवाय कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, हवा (ईथरचा ६०-२९-७). नाहीतर एकच रसायन कुणी ‘ईथर’ म्हणून नोंदवतं, कुणी ‘एथॉक्सिइथेन’ म्हणून, आणि कपाटात असूनही नवी बाटली मागवली जाते.

द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवलेल्या पेशींना यातलं काहीच लागू नाही. तिथे पॅसेज क्रमांक हवा, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा. टाकीतला खण हवा. म्हणून आधी प्रकार वेगळे करायचे आणि मग प्रत्येकाला त्याचेच गुणधर्म जोडायचे.

रकान्यात काय भरता येईल हेही ठरवून टाका. तापमानासाठी ४, उणे २०, उणे ८० अशी यादीच द्या. ‘फ्रिज’, ‘डीप फ्रीझर’ असं ज्याने त्याने मनाने लिहिलं की शोध घेणं अवघड होतं. सक्तीचे रकाने मात्र मोजकेच ठेवा. ते फार झाले की घाईत असलेला माणूस काहीतरी भरून मोकळा होतो, आणि चुकीची नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त धोक्याची असते.