‘नवे मॉडेल येऊ द्या’ म्हणताना

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते. लॅपटॉप आत्ता घ्यायचा, की दोन-तीन महिने थांबायचे? दुकानदार म्हणतो, आजच न्या. मामूंचा मुलगा म्हणतो, नवे मॉडेल येतेय, घाई करू नका. तेवढ्यात अब्बांनी बाजूला काढलेले पैसे छपराच्या गळतीला लागतात आणि विषय ईदनंतरवर जातो.

नवे मॉडेल येतेच, दरवर्षी येते. जानेवारीत अमेरिकेत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात नवे प्रोसेसर जाहीर होतात. बातमी त्याच दिवशी आपल्या मोबाइलवर येते. माल मात्र सावकाश येतो, आणि तोही बहुधा आधी महागड्या मॉडेलमध्ये. चाळीस-पन्नास हजारांच्या लॅपटॉपमध्ये तो उतरेपर्यंत पुढच्याची चर्चा सुरू झालेली असते. बीसीएला गेलेल्या मुलीला करायची असतात कोडिंगची प्रॅक्टिकल्स, प्रोजेक्ट, ऑनलाइन लेक्चर. या कामांत यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या चिपमधला फरक जाणवत नाही. ८ जीबी आणि १६ जीबी रॅममधला फरक रोज जाणवतो. म्हणून आमचे मत असे, की नवे मॉडेल बाजारात आले की गेल्या वर्षीचे घ्यावे आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. जादा स्लॉट आहे का, हे पावती फाडण्याआधी विचारावे.

‘थांबलो तर स्वस्त मिळेल’ हा हिशेबही दरवेळी जुळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीही १८ वर होता, नंतरही १८ वरच राहिला. त्यातच एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले.

एक गोष्ट सांगायला हवी, थोडी कडू लागली तरी. मुलाच्या लॅपटॉपसाठी उधार-उसनवारी करून पैसे उभे राहतात. मुलीच्या वेळी ‘नवे मॉडेल येऊ द्या’ हे वाक्य जरा जास्तच ऐकू येते. मग ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करते, नाहीतर मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर कोड लिहीत बसते. सत्र संपते, गुण लागतात. तिच्यासाठी थांबण्याची किंमत दुकानातल्या सवलतीत मोजता येत नाही.

थांबणे योग्य असते ते घरात चालू लॅपटॉप असेल तेव्हा. तो हळू झाला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि आता तालुक्याच्या गावीही हे काम होते, आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदीच थोडा. मात्र जुना विकत घेत असाल तर प्रोसेसरचा आकडा पाहा. इंटेलचा ‘आय५-७२००यू’ असेल तर तो सातव्या पिढीचा; विंडोज ११ साठी आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे असा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी तो विंडोजसाठी घेऊ नये. फुकट मिळणाऱ्या लिनक्स मिंटवर तो मजेत चालेल, हे खरे. पण कॉलेजात नेमके कोणते सॉफ्टवेअर लागते ते आधी विचारून घ्यावे.

आता पैशांचे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी हप्ते, असे समजून अनेक दीनदार घरे निश्चिंत होतात. त्यात बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढीच सूट किमतीत देतो, म्हणून ते दिसत नाही. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या बिलात येतो, बरेचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहायचे असेल तर दोनच वाटा उरतात. प्रवेशाच्या वर्षभर आधीपासून दरमहा रक्कम बाजूला काढायची, किंवा कमी पडणारे आठ-दहा हजार चाचांकडून, मामूंकडून कर्ज-ए-हसना म्हणून घ्यायचे. घरातलाच मामला असला, तरी रक्कम आणि परतीची तारीख कागदावर लिहून घ्यावी.