कागदावरचा पगार आणि रात्रीचं घर

उल्हासनगरच्या कॅम्पांतून फर्निचर आणि कपडा निघतो. अंबरनाथच्या आनंदनगर आणि मोरिवली एमआयडीसीतून रसायनं आणि यंत्रांचे भाग, बदलापूरच्या खरवई-मांजर्ली पट्ट्यातून पुन्हा रसायनं. हा सगळा माल कुणीतरी गाडीत बसून पोचवतो. त्या चालकाला या धंद्यात म्हातारपणापर्यंत निभावता येईल का, आणि निभावताना चार घास सुखाने खाता येतील का, याचा विचार फार कमी लोक करतात. स्वतः चालकही तो चाळिशी उलटल्यावर करतो. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

इथल्या पट्ट्याचा फायदा

या तीन शहरांच्या चालकाला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे जवळचा फेरा. भिवंडीची गोदामं, तळोजा एमआयडीसी आणि पन्नास-साठ किलोमीटरवरचं न्हावाशेवा बंदर, ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. चाकणसुद्धा, घाटात अडकलं नाही तर. लातूर-नांदेडकडच्या चालकाला ही मुभा नाही. त्याला लांबच्या लाईनवर जावंच लागतं.

तरी इथले कितीतरी जण दिल्ली-चेन्नईच्या लाईनला गाडी लावतात, कारण भत्ता जास्त मिळतो. तरुणपणी, लग्नाआधी, चार-पाच वर्षं ते करायला हरकत नाही. पुढे मात्र हिशेब बदलतो. लांबच्या फेऱ्यातला भत्ता ढाब्यावर, पार्किंगवर आणि वाटेतल्या ‘चहापाण्या’वर जातो, आणि घरी हातात येणारी रक्कम जवळच्या फेऱ्यांच्या कमाईपेक्षा फारशी मोठी राहत नाही.

जवळच्या फेऱ्याचं दुखणं वेगळं आहे. ते गाडी चालवण्याचं नाही, उभं राहण्याचं आहे. ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी असते. बंदराबाहेर रांग असते. कंपनीच्या गेटवर काट्यासाठी थांबावं लागतं, मग गाडी खाली होईपर्यंत हमालांची वाट बघावी लागते. या थांबण्याचे हॉल्टिंगचे पैसे पार्टीकडून मालक घेतो. त्यातले चालकाला किती, हे नोकरी धरतानाच बोलून घ्यावं. नंतर त्यावर भांडण होतं आणि ते चालकच हरतो. बदलापूरजवळ माथेरानच्या डोंगररांगेखालून जुळे बोगदे काढून बंदराच्या दिशेने नेलेला बडोदा-मुंबई द्रुतगती महामार्ग पूर्ण क्षमतेने वापरात आला, की हा फेरा बराच सुटसुटीत होईल.

लायसन्सचे टप्पे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहन चालवायला वय किमान २० हवं, आणि त्याचं शिकाऊ लायसन्स मिळण्यासाठी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. तिन्ही शहरांचं काम कल्याणच्या आरटीओत, म्हणजे एमएच-०५ मध्ये चालतं. परिवहन लायसन्सची मुदत पाच वर्षं असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. छोटा हत्ती किंवा पिकअपवर सुरुवात करणाऱ्या मुलाला याचा थेट उपयोग आहे.

इथल्या चालकाने एक पायरी मात्र चुकवू नये, ती धोकादायक मालाची. अंबरनाथ-बदलापुरात रसायनांच्या टँकरला चालक लागतात, आणि त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती तीन वर्षं चालते, मग एक दिवसाचा उजळणी वर्ग. नोंद असलेल्या चालकाला मालक सहज सोडत नाहीत. पण जबाबदारीही तेवढीच. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरच्या शेकडो लोकांना रात्रीतून इस्पितळ गाठावं लागलं. ‘जरा पुढे जाऊन नाल्यात सोडून ये’ असं सांगणारा शेठ त्या वेळी केबिनमध्ये नसतो. हे काम कितीही पैसे दिले तरी नाकारावं.

हातातले वीस की कागदावरचे अठरा?

आता मुद्द्याचं. समजा दोन नोकऱ्या समोर आहेत. एक मालक रोख २०,००० देतो, सही नाही, पावती नाही. दुसरा १८,००० देतो, त्यातले १५,००० भविष्य निर्वाह निधीसाठी धरतो आणि कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) नाव घालतो. दुसरीकडे चालकाच्या पगारातून निधीचे १,८०० आणि विम्याचे १३५ कापले जातात. हातात येतात १६,०६५. म्हणजे पहिल्यापेक्षा महिन्याला ३,९३५ कमी. बहुतेक जण इथेच पहिल्या मालकाकडे वळतात.

पण कापलेले १,८०० कुठे गेले? ते चालकाच्याच खात्यात आहेत. मालकही तेवढेच १,८०० घालतो, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. म्हणजे दर महिन्याला ३,६०० रुपये बाजूला पडतात, बहुतेक फरक भरून निघतो. वर राज्य विमा. उल्हासनगरला राज्य विमा योजनेचं रुग्णालय आहे, तिथे बायको-मुलांवरही उपचार होतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि कामावर अपघात झाला तर ९० टक्के. रोखीच्या मालकाकडे पाठीचा मणका सरकला तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा चालक बसलेला असतो.

पेन्शनचा हिशेब सोपा आहे. पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पंधरा हजारांवर २५ वर्षं भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिना पाच हजारांच्या वर पेन्शन. त्यासाठी निदान दहा वर्षांची सेवा लागते. मालक बदलला तरी चालतं, कारण निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक एकच राहतो. गफलत इथेच होते. चालक दर वर्षी-दोन वर्षांनी मालक बदलतो, प्रत्येक वेळी निधी काढून घेतो, आणि सेवेची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातात.

वारसाचाही प्रश्न असतो. चालकाचा कामावर मृत्यू झाला तर भरपाई देणं कायद्याने मालकावर आहे, आणि गाडीच्या विम्यात ही जबाबदारी धरलेली असते. पण तो नोकर होता याचा एकही कागद नसेल, तर कोर्टात ते सिद्ध करता करता त्याच्या बायकोच्या नाकी नऊ येतात.

हमालाला मंडळ, चालकाला काय?

महाराष्ट्रात गाडी भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला, आणि त्यांच्या मंडळामार्फत निधी, बोनस, वैद्यकीय सोय मिळते. रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठीही राज्याने कल्याणकारी मंडळ काढलं, आनंद दिघ्यांच्या नावाने. पाठीवर माल वाहणाऱ्याला मंडळ आहे, मीटरवर माणसं वाहणाऱ्याला आहे, आणि एकोणीस टनांची गाडी ओढणाऱ्याला नाही. ही राजकीय उणीव आहे. चालकांच्या संघटनेने ही मागणी आमदाराच्या दारात नेली पाहिजे.

तोवर लहान मालकाकडच्या चालकाने स्वतःच काही करून ठेवावं. मालकाकडे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर निधीचा कायदा बहुधा लागू होत नाही, आणि इथले बरेच ट्रान्सपोर्टवाले तीन-चार गाड्यांचे. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. जीवनज्योतीला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख, फक्त प्रवेश पन्नाशीच्या आत हवा. म्हणजे वर्षाकाठी ४५६ रुपये. चाळिशीच्या आतल्यांना अटल पेन्शन घेता येतं, साठीनंतर महिना एक ते पाच हजार. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे.

उचल

चालकाच्या घराला सगळ्यात जास्त पोखरते ती उचल. मुलीचं लग्न, गावच्या घराचे पत्रे, आजारपण, आणि मालक लगेच तीस-चाळीस हजार काढून देतो. व्याज घेत नाही, म्हणून उपकारही वाटतो. पण उचल फिटेपर्यंत चालक नोकरी बदलू शकत नाही, ओव्हरलोड गाडी नाकारू शकत नाही, झोप आली असताना ‘आज राहू दे’ म्हणू शकत नाही. आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तो कुणी भरायचा, यावरून पुन्हा नवी उचल. पतपेढीचं व्याजी कर्ज यापेक्षा परवडतं, कारण पतपेढी तुम्हाला रात्री दोन वाजता घाटात पाठवत नाही.

स्वतःची गाडी

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराबाहेर उभे छोटे हत्ती आणि पिकअप पाहिले की प्रत्येक चालकाला आपलीही एक असावी वाटतं. मुद्रा योजनेत मालवाहू गाडीला कर्ज मिळतं. दहा लाखांच्या कर्जाला पाच वर्षांसाठी १० टक्के दराने महिना २१,२४७ रुपये हप्ता बसतो. त्यात विमा, टायर, पासिंग, डिझेल आणि रिकाम्या दिवसांची भर घाला. ठरलेली पार्टी आणि परतीचं भाडं हातात नसेल तर गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मालकीच्या हौसेपायी बँकेने ओढून नेलेल्या गाड्या या भागात नवीन नाहीत.

घेतलीच, तर दोन गोष्टी. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा चालू ठेवा. आणि आयकर विवरण भरा. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला ढोबळ हिशेबाची सवलत आहे, लहान गाडीला महिना ७,५०० उत्पन्न धरलं जातं. एका गाडीवर कर लागत नाही, पण पुढच्या कर्जाला ते विवरणच कामी येतं.

अपघात झाला तर

१ आणि २ जानेवारी २०२४ ला देशभर चालकांनी चाकं थांबवली, ती नव्या न्यायसंहितेतल्या कलम १०६ (२) वरून. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. त्याची अंमलबजावणी सरकारने रोखली. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ मात्र लागू आहेच. जखमीला उपचार मिळवून द्या, पण जमावाचा धोका असेल तर थांबण्याची सक्ती नाही. जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, निदान चोवीस तासांत कळवा. विमा कंपनीलाही कळवा. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळतात, आणि जखमी चालकही त्यात येतो.

समाधानाचं काय?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते. नव्या कामगार संहितांतही आठ तासच आहेत. प्रत्यक्षात केबिनमध्ये ते कुणी मोजत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट झाली. तो जुन्या गाडीत येणार नाही, म्हणून नोकरी निवडताना गाडीचं साल विचारायला लाजू नका.

ज्या चालकांना मी समाधानी म्हणेन, त्यांची कमाई फार मोठी नाही. ते रात्री घरी येतात. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत पोरांना नेतात. शाळेच्या पालकसभेला त्यांना बोलावणं येतं आणि ते जातातही. त्यांच्या बायकोला नवऱ्याचा यूएएन क्रमांक पाठ असतो, विम्याचा कागद कुठल्या डब्यात आहे हे माहीत असतं.

तुमचा यूएएन तुम्हाला माहीत नसेल, तर या महिन्याचा पगार घेताना मालकाला तेवढं एक विचारा. आहे म्हणाला तर उमंग ॲपवर पासबुक उघडून पैसे खरोखर जमा होताहेत का ते बघा. नाही म्हणाला, तर पुढचा मालक शोधताना पगाराआधी हाच प्रश्न विचारा.