धुराचा हिशेब

आमच्या गोंदियाला 'तांदळाचे शहर' म्हणतात. माझे बाबा राईस मिलमध्ये हमाल आहेत, म्हणजे आमची चूलही त्या तांदळावरच पेटते.

क्विंटलभर धान भरडले की सुमारे 20 किलो तूस निघते. उकडा तांदूळ करताना तेच भट्टीत जाळतात. इंधन फुकटचे खरे, पण राख वाऱ्यावर येते, आणि नीट जळालेल्या राखेत 85 टक्क्यांहून अधिक सिलिका असते!

तरी दिसणारी राख बरीचशी नाका-घशातच अडते. खरा धोका अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. केसाच्या तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकार जडतो. आपल्या देशाने 2009 साली त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 5 सांगितली.

गेल्या हिवाळ्यात बाबा खोकल्याने अकरा दिवस घरी होते. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून दूर राहा. (हमालाने दूर राहायचे कोठे?) मजुरी बुडाली, औषधे आली, माझी पुस्तके राहिली. धुराड्यावर राख अडविणारे यंत्र बसविता येते. त्याचा खर्च मिलच्या वहीत पडतो. आमचा अकरा दिवसांचा खर्च आईने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवला आहे.