आलेखावरील आकड्यांची रुजवात

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर तो दोन मापांनी मोजतात. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागले, हे एक माप. आणि गंगापूर धरणातून व अहिल्यादेवी होळकर पुलाखालून किती क्युसेक विसर्ग वाहतो आहे, हे दुसरे, सरकारी. धरणाचा आकडा व पुलाचा आकडा पुष्कळदा जुळत नाहीत. पण तेवढ्यावरून कोणी जाणता मनुष्य धरणावरील अंमलदारास खोटा ठरवीत नाही, कारण मधल्या टापूतला पाऊस व नाले पुलाच्या हिशेबात येतात, धरणाच्या येत नाहीत, आणि सोडलेले पाणी पुलापर्यंत पोचण्यास काही अवधी लागतोच. ज्या शहरात १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था जलमापनाच्या विद्येची उपासना करीत आली आहे, त्या शहरास हे समजावून सांगण्याची गरज नाही. नवल एवढेच की, हाच विवेक संगणकाच्या पडद्यापुढे बसताच आपणांस सोडून जातो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, रुग्णालयांतून आणि शिक्षणसंस्थांतून आज साठवणीचे सर्व्हर अहोरात्र चालू असतात. आराखडे, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, हिशेबाच्या रात्रीच्या बॅकअप प्रती, सारे काही त्यांच्या पोटात जाते. त्यांच्या नेटवर्कवरील वाहतुकीचा आलेख पाहून व्यवस्थापक निर्णय घेतात. आणि तो आलेख एके दिवशी असंभव आकडे दाखवू लागला म्हणजे प्रथम संशय येतो तो यंत्रावर. वस्तुतः आलेख हे निरीक्षण नव्हे, ते गणित आहे. सर्व्हरचे नेटवर्क कार्ड आरंभापासून गेलेल्या-आलेल्या बाइटांची केवळ चढती बेरीज ठेवते. ती बेरीज १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएनएमपी या संकेतानुसार देखरेखीचा संगणक बहुधा दर पाच मिनिटांनी विचारतो, मागील बेरीज वजा करतो आणि काळाने भागतो. टोबी ओटिकर यांनी १९९५ च्या सुमारास इंग्लंडातील लेस्टर येथे रचलेल्या एमआरटीजी या आलेख काढणाऱ्या प्रणालीपासून ही पाच मिनिटांची वहिवाट जगभर रूढ झाली.

या गणितातील सर्वांत फसवे स्थळ म्हणजे बेरजेची मर्यादा. जुन्या मोजणीचे खाते बत्तीस बिटांचे असते. ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यापुढे ते पुन्हा शून्यावर येते. दहा मेगाबिटांच्या काळात पूर्ण वेगानेही हा फेरा सत्तावन्न मिनिटांनी पडे, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. एक गिगाबिटाच्या तारेवर तो चौतीस सेकंदांत पडतो, दहा गिगाबिटांवर साडेतीन सेकंदांच्या आत. समजा, रात्रीच्या बॅकअपने गिगाबिटाची तार पाच मिनिटे पूर्ण भरली. प्रत्यक्षात साडेसदतीस अब्ज बाइट गेले, खात्याने आठ फेरे घेतले, आणि विचारणाऱ्यास उरली ती सव्वातीन अब्जांहूनही कमी अशी बाकी. तिच्यावरून आलेखात वेग उमटतो जेमतेम चौऱ्याऐंशी मेगाबिट. तार गुदमरली आहे आणि कागद सांगतो की ती बहुतेक रिकामी आहे! उपाय चौसष्ट बिटांच्या खात्यांचा. परंतु एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीस ती वाचताच येत नाहीत, यास्तव विचारणा किमान दुसऱ्या आवृत्तीने करावयास हवी. ही एक तजवीज न करता नवे सर्व्हर खरेदी करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांविषयी अधिक न लिहिणे बरे.

याच्या उलट प्रकार वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला म्हणजे घडतो. खाते शून्यावर आलेले असते, पण आलेखाचे गणित त्यास फेरा समजते आणि गगनचुंबी शिखर काढते. सर्व्हर किती वेळ चालू आहे, हे त्याच विचारणेत विचारून घ्यावे आणि तारेच्या क्षमतेहून मोठा आकडा त्याज्य ठरवावा, म्हणजे हा उपद्रव थांबतो.

आलेखातील रिक्त जागांविषयी मात्र माझे मत कठोर आहे. एसएनएमपीची विचारणा यूडीपी या पोच न मागणाऱ्या संकेतावरून जाते; उत्तर हरवले तर त्याची दाद लागत नाही. सर्व्हर लेखनाच्या भाराखाली दबला म्हणजे उत्तर देण्याचे दुय्यम काम मागे पडते, आणि म्हणून नेमक्या त्याच घटकेची नोंद गहाळ होते जिच्यासाठी सारी देखरेख मांडली. अशी रिक्त जागा सरासरीने भरून काढणारा अधिकारी पुराव्यात फेरफार करीत असतो.

दुहेरी मोजणीचा दोष तुलनेने सरळ. दोन तारा एकत्र बांधून एक जोडमार्ग केलेला असला की दोन्ही तारांची आणि जोडमार्गाची अशी तीनही खाती बेरजेत धरली जातात, व वाहतूक दुप्पट दिसते. घड्याळाचा दोष तर अधिकच क्षुल्लक, तरी त्याने माणसे हैराण होतात : सर्व्हर जागतिक वेळेवर, वाचणारा भारतीय वेळेवर, आणि रात्री एकचा बॅकअप कागदावर आदल्या सायंकाळी साडेसातला.

मग खरे-खोटे ठरवावे कसे? एकाच दफ्तराची साक्ष पुरेशी मानू नये. सर्व्हर ज्या स्विचला जोडला आहे, त्या स्विचच्या पोर्टचेही खाते असते. ते दुसऱ्या बाजूने तीच वाहतूक मोजते. सर्व्हरची आवक ती पोर्टची जावक, असे ताडून पाहावे. मेळ बसला तर दोष आलेख काढणाऱ्याचा. न बसला तर सर्व्हर, स्विच किंवा मधल्या तारेचा. डिस्कच्या आकड्यांशी मात्र ही रुजवात घालू नये, कारण वाचनाचा मोठा हिस्सा स्मृतीतूनच भागतो व लेखन संक्षिप्त होऊन उतरते.

ज्यांच्या कारखान्याला दिवाळीची सुट्टी आहे आणि नेटवर्क शांत आहे, त्यांनी ही संधी दवडू नये. आधी सर्व्हरचे व पोर्टचे अशी दोन्ही खाती टिपून ठेवावीत, दहा अब्ज बाइटांची एक फाइल सर्व्हरवर पाठवावी आणि खाती पुन्हा वाचावीत. पाकिटांच्या वेष्टनामुळे वाढ सुमारे चार-पाच टक्के अधिक दिसेल, ती स्वाभाविक समजावी. अंतर त्याहून बरेच मोठे निघाले, तर नव्या वर्षाची खरेदीची यादी तूर्त बाजूस ठेवावी आणि आधी मोजणी दुरुस्त करावी.