घटनास्थळ ते न्यायालय: पुराव्याचा सांभाळ

साक्षीदार फितूर होऊ शकतो. रक्ताचा डाग होत नाही. मात्र तो डाग कुणी, कसा उचलला आणि कुठे ठेवला हे सांगता आले नाही, तर न्यायालयात त्याला किंमत उरत नाही.

आधी जागा राखायची

फ्रान्समधील लिआँ शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा उभारणारे एडमंड लोकार्ड यांचे तत्त्व आजही तपासाचा पाया आहे: दोन गोष्टींचा संपर्क आला की काहीतरी इकडचे तिकडे जातेच. हे गुन्हेगाराइतकेच शेजाऱ्यांना आणि पोलिसांनाही लागू पडते. म्हणून जखमीला मदत करणे हे पहिले काम. त्यानंतर जागेला दोरी किंवा फीत लावून ये-जा थांबवायची, आत जाण्याचा एकच मार्ग ठरवायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव व वेळ लिहून ठेवायची.

नोंद आधी, उचलणे नंतर

वस्तू हलवण्यापूर्वी दुरून, मध्यम अंतरावरून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून छायाचित्रे घेतात. अंतरे मोजून कच्चा नकाशा काढतात आणि पंचांसमक्ष पंचनामा करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

कशाला कोणते वेष्टन?

- रक्ताचे कपडे: सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए खराब होतो.
- रक्त सांडलेली माती: सोबत जवळचीच डाग नसलेली माती, तुलनेसाठी.
- रॉकेल किंवा पेट्रोलचा संशय असलेले अवशेष: हवाबंद बरणी किंवा डबा, कारण वाफ उडून जाते.
- मोबाइल: नेटवर्क तोडून सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत; नाहीतर आतील माहिती दुरूनही पुसता येते.

एका वस्तूवरून दुसरीकडे वळताना हातमोजे बदलायचे.

साखळी तुटली की खटला तुटतो

प्रत्येक पाकिटावर गुन्हा नोंद क्रमांक, तारीख, वेळ, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेची मोहोर असते. तपासी अंमलदाराकडून मुद्देमाल कारकुनाकडे, तिथून प्रयोगशाळेकडे, असा प्रत्येक हस्तांतराचा कागद हवा; हीच ताब्याची साखळी.

तमिळनाडूतील दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडले. डीएनए नमुने मधल्या काळात कसे ठेवले गेले आणि ते पाठवायला उशीर का झाला, याचा समाधानकारक खुलासा नव्हता. डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि गोळा केल्यापासून निकालापर्यंत ताब्याची नोंदवही ठेवावी, असे निर्देश न्यायालयाने त्याच निकालात देशभरासाठी दिले. एका कोऱ्या रकान्यामुळे खरा गुन्हेगार सुटू शकतो आणि निरपराध माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात अडकू शकतो.

आपले काम

घटनास्थळी पहिले पोहोचणारे बहुधा सामान्य लोकच असतात. ११२ वर फोन करा, जखमीला मदत करा. पण फरशी पुसू नका, हत्याराला हात लावू नका आणि गर्दी करून फोटो काढू नका. पंच म्हणून बोलावले तर वस्तू स्वतः पाहा, मोहोर आपल्यासमोरच लागली याची खात्री करा आणि पंचनामा पूर्ण वाचूनच सही करा. उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात त्या सहीबद्दल तुम्हालाच विचारले जाईल.